स्वेच्छांक तेवीस

यामिनी पटलेला तिसरी तारीख मी दिली. आधीच्या दोन तारखा संगणकाने दिल्या होत्या आणि त्या दोन्ही तारखांनंतर तिच्या नवऱ्याने तिची हाडं मोडली होती.

मी कुंदा खोब्रागडे. नागपुरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर परदेशी प्रवासाच्या कागदपत्रांसाठी बायोमेट्रिक नोंदणीचं केंद्र होतं. तिथे मी अकरा वर्षं पर्यवेक्षक होते. सात-आठ देशांचं काम आमच्याकडे यायचं. ज्यांना तिकडे पहिल्यांदा जायचं असे लोक यायचे, तसेच तिकडे राहायचा परवाना असूनही इकडे अडकून पडलेले आणि परत जायला कागद हवा असलेलेही यायचे. अर्ज घरबसल्या करता यायचा, पण हात मात्र आमच्याकडे येऊनच टेकवावा लागायचा. कोणी कोणत्या दिवशी किती वाजता यायचं हे संगणक ठरवायचा. आठवड्याला फक्त दोन जागा माझ्या हातात असायच्या. कोणी दवाखान्यात असेल, कोणाच्या घरी मयत झालेली असेल, अशांसाठी.

यामिनी पहिल्यांदा आली ती जूनच्या सुरुवातीला. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होतं आणि हिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता. वय एकतीस-बत्तीस. तुमसरकडच्या एका गावातून पहाटेच्या एसटीने आलेली. तिने उजवा हात काचेवर ठेवला. अकरा सेकंदांनी पडद्यावर ब्याऐंशी आकडा आला आणि वरची पट्टी लाल झाली.

हा आकडा काय ते सांगायला हवं.

पूर्वी बोटांचे ठसे घ्यायचे. मग तळहातातल्या शिरा पाहायला लागले. काचेखालून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा. रक्त तो शोषून घेतं, म्हणून शिरांचं काळं जाळं पडद्यावर उमटतं आणि दोन माणसांचं जाळं कधी सारखं नसतं. शिवाय हात जिवंत असावा लागतो, रक्त वाहतं असावं लागतं. त्यामुळे नकली बोटांचा धंदा बंद झाला. पण माणसं विकणाऱ्यांचा धंदा चालूच राहिला, कारण धमकावून आणलेल्या मुलीच्या शिराही खऱ्याच असतात. तेव्हा त्याच काचेत आणखी एक गोष्ट बसवली. माणूस घाबरला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोटांची टोकं अंशा-दीड अंशाने गार पडतात, हाताला डोळ्यांना न दिसणारा कंप सुटतो आणि घामातली रसायनं बदलतात. हे सगळं एकत्र मोजून यंत्र शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं. त्याचं सरकारी नाव स्वेच्छांक. साठच्या वर गेला की हा माणूस कोणाच्या तरी दबावाखाली आहे असं धरायचं, नोंदणी थांबवायची आणि साठ दिवसांनंतरची नवी तारीख द्यायची.

माझा या यंत्रावर विश्वास होता. ते आलं त्या पहिल्याच महिन्यात गडचिरोलीकडची एक एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. हसत होती, सगळी उत्तरं पाठ होती. आकडा एक्याण्णव. तिला घेऊन आलेला "मामा" खाली रसवंतीवर बसला होता. त्याच्याकडे आणखी चार मुलींचे पासपोर्ट सापडले. त्यानंतर विदर्भातल्या सगळ्या केंद्रांच्या लोकांना हे यंत्र मीच शिकवलं.

"म्हणजे काय झालं, मॅडम?" यामिनीने विचारलं.

"आज नोंदणी होणार नाही. साठ दिवसांनंतरची तारीख येईल. अर्जावरच्या मोबाइलवर मेसेज जातो."

"पण मी माझ्या मर्जीने आली आहे."

"सगळेच असं म्हणतात," मी म्हणाले.

तिने काचेवरून हात उचलला. "तो नंबर बदलता नाही का येणार?"

"कुटुंबाच्या जुन्या खात्यावरून अर्ज केलाय ना, मग खातेदाराची संमती लागेल."

ती उठली. मी पुढचा नंबर पुकारला.

ऑगस्टमध्ये ती परत आली. या वेळी आकडा अठ्ठ्याऐंशी. डावा खांदा थोडा खाली उतरलेला दिसत होता. मी तिला माझ्या केबिनमध्ये बसवलं आणि पाणी दिलं.

"मेसेज त्यांच्या मोबाइलवर गेला," ती म्हणाली. "जेवत होते. ताट बाजूला सारलं, हात धुतला, पुसला आणि मग उठले. हे हाड मोडलं." तिने गळ्याखालच्या हासळीवर बोट ठेवलं. "आवाज आला तेव्हा सासू म्हणाली, आता पुरे. तेव्हा थांबले."

मग तिने सगळं सांगितलं. ती त्या देशात म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात काम करायची. नवरा टेकेश्वर तिच्याबरोबर होता. तिथे त्याने तिला मारल्यावर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि त्याचा परवाना रद्द झाला. त्याला परत पाठवलं. गेल्या ऑक्टोबरमध्ये सासरे वारले म्हणून ती बारा दिवसांसाठी आली. सात वर्षांच्या मुलीला, चार्वीला, तिने तिकडेच सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीकडे ठेवलं होतं. तेराव्या दिवशी टेकेश्वरने तिचं परवान्याचं कार्ड चुलीत घातलं. म्हणाला, मला जाता येत नाही, तर तुलाही येणार नाही.

"एक वर्षाच्या आत परत गेली नाही, किंवा निदान अर्ज पुरा झाला नाही, तर माझा परवाना जातो," ती म्हणाली. "बारा ऑक्टोबरला वर्ष होतं."

मी पडद्यावर पाहिलं. संगणकाने तिला पुढची तारीख दिली होती एकोणीस ऑक्टोबर. मेसेज गेलाही होता.

मी मुंबईच्या कार्यालयात सत्पथी साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बाई घाबरलेली आहे ना? मग यंत्राने बरोबरच सांगितलं."

"साहेब, कोणी तिला जबरदस्तीने पाठवत नाहीये. जबरदस्तीने अडवतंय."

"यंत्र भीती मोजतं, खोब्रागडे. भीती कशाची हे मोजत नाही. तो विचार आपण करायला लागलो तर यंत्र ठेवायचं कशाला?"

मी फोन ठेवला. केबिनमध्ये येऊन तिला सांगितलं की काही होऊ शकत नाही. ती उठून उभी राहिली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "आता घरी गेल्यावर माझा हात मोडतील. हातच लागतो ना इथे."

ती गेली. मी तिला जाऊ दिलं.

सप्टेंबरच्या मध्यावर ती तारखेशिवाय आली. आमचे सुरक्षारक्षक सोमाजी उइके तिला खालीच अडवणार होते, पण तिचा हात पाहून त्यांनीच तिला वर आणलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. टेकेश्वरने तिचा पंजा ओट्यावर दाबून धरला होता आणि वरवंट्याने मधली दोन बोटं ठेचली होती. बोलत बोलत, सावकाश. ती दवाखान्यातून परस्पर बस पकडून नागपूरला नंदनवनमध्ये मावशीकडे आली. तक्रार दिली होती. टेकेश्वर जामिनावर सुटला होता.

"मॅडम, डावा हात चालतो का?" तिने विचारलं.

त्या आठवड्यातल्या आणि पुढच्याही माझ्या दोन्ही जागा गेलेल्या होत्या. मी पुढे पाहत गेले. आठ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वैद्यकीय कारण म्हणून डाव्या हाताची परवानगी टाकली. आणि नियमात न बसणारी गोष्ट केली. खातेदाराच्या संमतीच्या रकान्यात पर्यवेक्षक म्हणून मीच खूण केली आणि टेकेश्वरच्या नंबरच्या जागी माझा नंबर टाकला.

"मला ताई म्हण," मी तिला सांगितलं. "आणि दिवसाआड दुपारी दीड वाजता ये."

दीडला आमची जेवणाची सुट्टी. मागच्या खोलीत शिकवण्यासाठी ठेवलेलं जुनं यंत्र होतं. मी तिला त्यावर बसवायचे. झोपेची गोळी घेतली तर यंत्राला घामात कळतं, म्हणून तो मार्ग नव्हता. शरीरालाच शिकवायचं होतं. पहिल्या खेपेला एकोणऐंशी आला. तिसऱ्या खेपेला चौऱ्याहत्तर. मी तिला श्वास मोजायला लावला, डोळे मिटून बसवलं. जिन्यात कोणाच्या चपलांचा आवाज झाला की आकडा पाचने वर जायचा.

एकदा ती चार्वीशी फोनवर बोलून आली होती. चार्वीचे पुढचे दोन दात पडले होते आणि तिने ते आईसाठी डबीत ठेवले होते. हे सांगताना यामिनीचा हात काचेवर होता. सहासष्ट.

"बघ, उतरतोय," मी म्हणाले.

"ताई, सहा अजून कुठून उतरवू?" ती म्हणाली. "ते बाहेर मोकळे कुठेतरी आहेत ना. मला ते कुठेतरी आहेत हे माहीत आहे."

सात तारखेपर्यंत आकडा साठच्या खाली आला नाही.

आठ तारखेला ती अकरा वाजताच आली. धुतलेले केस, मावशीची साडी. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं वळत नव्हती. मी स्वतः तिला नोंदणीच्या खोलीत घेऊन गेले. सोमाजींना दाराशी उभं केलं. अकरा अठराला मी तिची फाइल उघडली आणि तेव्हाच मला तळाशी एक बारीक ओळ दिसली. क्रमांक बदलल्याची सूचना जुन्या क्रमांकावर पाठवली आहे. आपण बदल केला नसल्यास आठ ऑक्टोबरला अकरा वीसपूर्वी केंद्रात संपर्क साधावा.

सगळ्याच संगणकांत असं असतं. कोणी परस्पर नंबर बदलू नये म्हणून जुन्या नंबरला कळवतात. मी अकरा वर्षं तिथे होते, आणि मला ते सुचलं नव्हतं.

बाहेर आवाज झाला. मग सोमाजींचा आवाज आला, "थांबा, तारखेचा कागद दाखवा," आणि लगेच काहीतरी जड भिंतीवर आपटल्यासारखं झालं. दार उघडलं. सोमाजी उंबऱ्यावर आडवे पडले होते. नाकातून रक्त वाहत होतं. त्यांच्यावरून पाय टाकून टेकेश्वर आत आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मोठा, गोरा, नीट इस्त्री केलेल्या शर्टातला माणूस होता.

"माह्या मोबाइलवर मेसेज आला," तो म्हणाला. "बायको माही आन् नंबर कोणाचा टाकला?"

मी मध्ये उभी राहिले. "मी टाकला. तुम्ही बाहेर व्हा."

त्याने मला उलट्या हाताने मारलं. मी टेबलाच्या कडेवर पडले आणि डोळ्याच्या वर फाटलं. एका डोळ्यात रक्त उतरलं. दुसऱ्या डोळ्याने मी त्याला यामिनीचे केस धरताना पाहिलं. त्याने तिला खुर्चीतून ओढलं, तिचं डोकं भिंतीवर एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. ती ओरडली नाही. मग त्याने तिचा डावा हात पकडला, दाराच्या फटीत घातला आणि दार ओढायला लागला.

"हाही नको तुले," तो म्हणाला.

सोमाजींनी पडल्या पडल्या त्याच्या पायाला मिठी मारली. त्याने त्यांच्या तोंडावर लाथ घातली. एक, दोन. तेवढ्यात यामिनीचा हात सुटला. खोलीत रांगेसाठी पट्टा लावायचे दोन स्टीलचे खांब होते, खाली लोखंडाची जड चकती असलेले. तिने एक आडवा उचलला. उजवा पंजा नीट मिटत नव्हता, म्हणून तिने तो कोपराच्या आणि बरगडीच्या मध्ये धरला आणि डाव्या हाताने फिरवला. पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो वाकला. दुसरा जबड्यावर. तिसरा कानाच्या वर. तो जमिनीवर आला तेव्हा त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकत्र पडलं.

मग खांब थांबला. तो श्वास घेत होता. ओला, घरघरणारा श्वास. सोमाजी सरपटत त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी त्याचं तोंड एका कुशीवर केलं, गुदमरू नये म्हणून. मी पोलिसांना आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

यामिनीने खांब जागेवर उभा केला. ती येऊन खुर्चीत बसली.

"ताई, माझी वेळ गेली का?"

मी घड्याळ पाहिलं. अकरा चौतीस. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंत नोंदणी चालते, मग संगणक जागा बंद करतो. मी टेबलावरच्या पेटीतले कागदी रुमाल काढले आणि तिचा डावा तळहात पुसला. दाराच्या कडेने सोललेली बोटं तशीच ठेवली. तिने हात काचेवर ठेवला. माझ्या भुवईतून रक्त टेबलावर ठिबकत होतं. अकरा सेकंद गेले.

तेवीस.

पट्टी हिरवी झाली. अकरा वर्षांत मी इतका खालचा आकडा दहा-बारा वेळाच पाहिला असेल. मी अर्ज पुढे पाठवायचं बटण दाबलं.

टेकेश्वर मेला नाही. त्याच्या जबड्यात तारा घातल्या आणि डावा कान कायमचा गेला. यामिनीवर जीवघेण्या हल्ल्याचा गुन्हा दाखल झाला. तिच्याकडच्या वकीलबाई म्हणाल्या, हा स्वसंरक्षणाचा प्रकार आहे, सुटेल. पण प्रवासाचा कागद डिसेंबरमध्ये येऊन पडला आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला देश सोडता येईना. परवानगीच्या अर्जावर सुनावणी ठेवली. तिथे टेकेश्वरच्या वकिलांनी आमच्या केंद्राची नोंद हजर केली.

माझी साक्ष होती.

"तुम्ही या यंत्राचं प्रशिक्षण देत होता," ते वकील म्हणाले. "हे यंत्र भीती ओळखतं?"

"हो."

"घटनेनंतर चार मिनिटांच्या आत या बाईंचा आकडा तेवीस आहे. जिवाच्या भीतीने हात उचललेल्या माणसाचा आकडा तेवीस असू शकतो? की ही बाई शांत डोक्याने मारत होती?"

मला दोन्ही बाजूंनी अडवलं होतं. यंत्र चुकलं म्हणाले असते, तर तिची नोंदणीच खोटी ठरून परवाना गेला असता. यंत्र बरोबर म्हणाले असते, तर तिने शांतपणे माणूस मारायला घेतला असं झालं असतं. सत्पथी साहेब मागच्या बाकावर बसले होते. कंपनीच्या वतीने मी काय बोलते ते ऐकायला आले होते.

"यंत्र बरोबर आहे," मी म्हणाले. "पण एका आकड्यावरून तुम्ही सांगताय. माझ्याकडे आणखी अकरा आहेत."

मी पिशवीतून कागद काढला. जूनचा ब्याऐंशी, ऑगस्टचा अठ्ठ्याऐंशी. आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत, नियमाविरुद्ध, माझ्या नावाने उघडलेल्या यंत्रावरचे नऊ. एकोणऐंशी, शहात्तर, चौऱ्याहत्तर, सगळे तारीखवार, वेळेसह.

"हे सगळे आकडे हा माणूस मोकळा फिरत होता तेव्हाचे आहेत," मी म्हणाले. "शेवटचा तेवीस तो उठू शकत नव्हता तेव्हाचा आहे. यंत्राने मारतानाची भीती मोजलेली नाही. तिची भीती कोण होती, तेवढं त्याने दाखवलं."

सत्पथी साहेब उठून बाहेर गेले. मला नोकरीवरून काढल्याचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. नंबर बदलणं, खातेदाराच्या रकान्यात खूण करणं, यंत्राचा गैरवापर, सगळं त्यात होतं आणि सगळं खरं होतं.

पण साक्ष तिथे संपली नव्हती. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "नोंदणीच्या खोलीत कॅमेरा नसतो?"

"नाही. लोकांच्या शरीराची माहिती तिथे घेतात, म्हणून बंदी आहे."

"मग तुम्ही आणि सुरक्षारक्षक, दोघांनीच पाहिलं. घाव किती घातले?"

मी म्हणाले, "डोळ्यात रक्त होतं. मोजता आले नाहीत."

सोमाजींनाही तेच विचारलं. त्यांच्या समोरच्या दातांच्या जागी अजून काही बसवलेलं नव्हतं. ते म्हणाले, "म्या खाली पडलो होतो, साहेब. मले त्याचा पायच दिसत होता."

चार दिवसांनी परवानगी मिळाली. फेब्रुवारीत गुन्हाही रद्द झाला, पण तोवर थांबायची गरज उरली नाही.

ती निघाली त्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडायला गेले. मावशी रडत होती. यामिनीने एकच बॅग घेतली होती. आत जाण्याआधी ती मला थोडं बाजूला घेऊन गेली.

"ताई, तो खाली पडल्यावर मी थांबली नव्हती," ती म्हणाली. "आणखी दोनदा मारलं."

"मला माहीत आहे."

"तुम्ही मोजलं होतं?"

"पाच," मी म्हणाले. "चौथा डोक्यावर, पाचवा पाठीवर. सहावा मारला असतास तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही."

न वळणारी दोन बोटं तिने दुसऱ्या हाताने धरली होती.

"सहाव्यासाठी उचलला होता," ती म्हणाली. "जड लागला."

मागून कोणीतरी ढकलगाडी पुढे आणत होतं. मी तिची बॅग उचलून तिच्या हातात दिली, आणि दारावरच्या शिपायाने तिकीट मागितलं.